जुने म्हणून एक, उदास म्हणून दुसरे: रेडिओहेड आणि एका बाँडपटाचे शीर्षकगीत

२०१५च्या नाताळच्या दिवशी रेडिओहेड या ब्रिटिश बँडने इंटरनेटवर एक गाणे फुकट ठेवले. सोबत गायक थॉम यॉर्कची छोटी चिठ्ठी होती. गेल्या वर्षी आम्हाला 'स्पेक्टर' या बाँडपटाचे शीर्षकगीत करायला सांगितले होते, ते काही जमले नाही, पण त्यातून जे झाले ते आता आमचे आहे आणि आम्हाला फार आवडते, असा तिचा आशय. शेवटी त्याने 'स्टार वॉर्स'मधला प्रसिद्ध आशीर्वाद जोडला होता. त्याच आठवड्यात नवा 'स्टार वॉर्स' थिएटरात गर्दी खेचत होता. एका चित्रपटाने परत केलेल्या मालाच्या पावतीवर दुसऱ्या चित्रपटाचा शिक्का, असा तो मिश्कीलपणा.

या चिठ्ठीमागे बराच खटाटोप होता. एकाच चित्रपटाने एकाच बँडची दोन गाणी परत केली: पहिले जुने निघाले म्हणून, दुसरे उदास वाटले म्हणून. चाल चांगली की वाईट, हा मुद्दा पहिल्या नकारात तर नव्हताच. मागणीप्रमाणे काम करून देणाऱ्या कोणालाही हे प्रकरण ओळखीचे वाटेल, मग तो संगीतकार असो, चित्रकार असो की जाहिरातीचा मजकूर लिहिणारा. बँडची आणि दिग्दर्शकाची नावे जगजाहीर आहेत, ती दिली आहेत. पैशाची आणि निर्णयाची बाजू सांभाळणाऱ्यांना मात्र 'निर्माते' एवढेच म्हटले आहे. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तरी गोष्ट फारशी बदलली नसती.

पार्श्वभूमी

रेडिओहेड म्हणजे ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावातल्या एका शाळेतली पाच मुले. १९८५मध्ये जमलेला हा गट 'क्रीप' या गाण्याने जगभर पोचला आणि १९९७च्या 'ओके कम्प्युटर' या अल्बमनंतर अल्टरनेटिव्ह रॉकमधल्या पहिल्या ओळीत जाऊन बसला. यॉर्क गातो आणि शब्द लिहितो. जॉनी ग्रीनवुडचा हात गिटारपासून व्हायोलिनच्या ताफ्यापर्यंत सगळीकडे चालतो. नव्वदच्या दशकापासून त्यांचे ध्वनिमुद्रण सांभाळणारा नायजेल गॉडरिच हा बँडचा सहावा गडीच म्हणायचा.

सिनेमा-टीव्हीत त्यांचे संगीत दोन वाटांनी येते. पहिली वाट तयार गाण्याची. दिग्दर्शकाला गाणे आवडते, तो हक्क घेतो आणि प्रसंगाखाली लावतो. 'व्हॅनिला स्काय'च्या (२००१) सुरुवातीला त्यांचे गाणे आहे. दनी व्हिलनव्हच्या 'इन्सेंदी'च्या (२०१०) पहिल्याच दृश्यात लहान मुलांची डोकी भादरली जात असताना यॉर्कचा आवाज हळूहळू चढत जातो. ते दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला ते गाणे पुन्हा नुसते ऐकता येत नाही. 'ब्लॅक मिरर' या मालिकेचा एक भाग त्यांच्या गाण्यावर संपतो, तर 'वेस्टवर्ल्ड' या मालिकेत त्यांच्या चाली यांत्रिक पियानोवर वाजतात.

दुसरी वाट मागणीची. १९९६मध्ये बाझ लुहरमनने 'रोमिओ + ज्युलिएट'साठी गाणे मागितले आणि दौऱ्यावर असलेल्या बँडला चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास पाठवून दिला. यॉर्कने लहानपणी जुना, १९६८चा 'रोमिओ अँड ज्युलिएट' पाहिला होता. ही दोघे सरळ पळून का जात नाहीत, या विचाराने तो तेव्हा रडला होता. तोच प्रश्न त्याने गाण्यात घातला. 'एक्झिट म्युझिक' चित्रपटाच्या अखेरीस, श्रेयनामावलीवर वाजले. बँडने मात्र ते चित्रपटाच्या साउंडट्रॅक अल्बमवर जाऊ दिले नाही, स्वतःच्या पुढच्या अल्बमसाठी राखले. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या गाण्याची आणखी एक आठवण सांगायलाच हवी. १९९८मध्ये 'फादर टेड' या आयरिश विनोदी मालिकेच्या शेवटच्या भागात एका खिन्न पाद्रीबुवाला दुसऱ्या एका उडत्या गाण्याने बरे केले जाते. बुवा आनंदात घरी निघतात, बसमध्ये रेडिओहेडचे हेच गाणे लागते आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडतो. या बँडचे संगीत उदास असते हे टीव्हीवरच्या विनोदाला कळले होते, तेही बाँडच्या मागणीआधी सोळा-सतरा वर्षे.

बाँडशीही त्यांचे जुने नाते होते. १९९५च्या सुमारास ते कार्यक्रमांत 'नोबडी डझ इट बेटर' हे १९७७चे बाँडगीत गात असत, आणि यॉर्क त्याची ओळख अगदी भक्तिभावाने करून देई. त्याच काळात त्यांनी बाँडगीतांच्या वळणावर स्वतःचेही एक गाणे बांधले होते, 'मॅन ऑफ वॉर'. ते मैफलींत वाजले. १९९८च्या 'द अ‍ॅव्हेंजर्स' या हेरपटासाठी रेकॉर्ड करायचा प्रयत्नही झाला. बँडवरच्या माहितीपटात त्या रेकॉर्डिंगची ओढाताण दिसते. काही केल्या गाणे मनासारखे उतरेना. ते पडून राहिले.

पलीकडच्या बाजूला बाँडचे निर्माते. १९६४च्या 'गोल्डफिंगर'पासून बाँडपटाचे शीर्षकगीत हा चित्रपटाआधी बाजारात उतरणारा फटाका आहे. त्यात २०१२च्या 'स्कायफॉल'ने पंचाईत करून ठेवली. गायिका अडेलच्या त्या गाण्याला ऑस्कर मिळाले, बाँडगीताला मिळालेले पहिलेच. आधी तीन गाण्यांना नामांकने मिळाली होती, पण बाहुली हाती लागली नव्हती. एकदा मिळाली म्हटल्यावर पुढच्या वेळी ती हवीच, असा हिशेब सुरू झाला.

पेच

दिग्दर्शक सॅम मेंडिस आणि बाँड साकारणारा डॅनियल क्रेग या दोघांनाही रेडिओहेड हवा होता. बँडने 'मॅन ऑफ वॉर' पुढे केले. दोघे खूश झाले. हेरपटाचा ताण, चढत जाणारा वाद्यमेळ, बाँडच्या घराण्याला शोभेलशी चाल. काखेत कळसा म्हणतात तसेच झाले होते, गाणे नव्वदीपासून तयारच होते.

आणि नेमके इथेच घोडे पेंड खाऊ लागले. सर्वोत्कृष्ट मूळ गीताच्या ऑस्करसाठी शब्द आणि चाल दोन्ही त्या चित्रपटासाठीच रचलेले असावे लागतात. 'मॅन ऑफ वॉर' वर्षानुवर्षे मैफलींत वाजत आलेले. त्याच्या ध्वनिफिती चाहत्यांकडे फिरत होत्या. नव्याने रेकॉर्ड केले तरी जन्मतारीख बदलत नाही. हे ध्यानात आल्यावर निर्मात्यांनी ते गाणे बाजूला ठेवले.

मला या प्रकरणातली सर्वांत चुटपुट लावणारी जागा ही वाटते. कारण हा नियम रेडिओहेडच्या घरात अनोळखी नव्हता. ग्रीनवुडने दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसनच्या 'देअर विल बी ब्लड'ला (२००७) दिलेले पार्श्वसंगीत वाखाणले गेले, पण ऑस्करच्या स्पर्धेतून बाद झाले. त्याने आधी बीबीसीच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या रचनेचे तुकडे त्यात होते. म्हणजे एकदा ठेच लागलेली होती. दोष एकट्या बँडचा नाही. ज्यांना ऑस्करचा पुतळा हवा होता त्यांनी पहिल्याच भेटीत तशी अट सांगायला हवी होती, आणि ज्यांच्याकडे जुने गाणे होते त्यांनी ते जुने आहे हे आधी बोलायला हवे होते. चालीवर जीव जडल्यावर तारीख विचारली गेली.

पर्याय आणि निर्णय

पहिल्या नकारानंतर बँडसमोर तीन वाटा होत्या, आणि तीनही खर्चिक.

सरळ वाट म्हणजे नमस्कार करून बाजूला होणे. बँड तेव्हा आपल्या नवव्या अल्बमच्या मध्यात होता. आधीचा अल्बम २०११चा, म्हणजे चाहते चार वर्षे वाट पाहत होते. मान जाण्याचा प्रश्न नव्हता. मागणी त्यांच्याकडे चालून आली होती, नाही म्हटले असते तरी दरवाजा सन्मानानेच बंद झाला असता. पण बाँडगीत आयुष्यात एकदाच मागितले जाते, आणि हे गाणारे लोक तर वीस वर्षे त्या सुरांवर प्रेम करत आलेले.

दुसरी वाट, अल्बमचे काम चालू ठेवून फावल्या वेळात नवे गाणे करणे. ऐकायला शहाणपणाची, पण या बँडच्या प्रकृतीला न मानवणारी. ते एकेका गाण्याशी महिनोन्महिने झटापट करतात. आणि चित्रपटाची तारीख ठरलेली असते.

तिसरी वाट, अल्बम थांबवून सगळी ताकद नव्या गाण्यावर लावणे. त्यांनी ती निवडली. गॉडरिचने पुढे मुलाखतीत याचे कारण सांगितले: हे काम होणार, असे आम्हाला सांगितले गेले होते. त्या शब्दावर अल्बम ऐन मध्यात थांबला. त्याच मुलाखतीत त्याने या सगळ्याला शक्तीचा अपव्यय म्हटले, एक शिवीही हासडली, आणि आपण तो चित्रपट पाहिलेला नाही हे सांगायला विसरला नाही.

आपल्याकडे याला हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे म्हणतात. पण त्यांच्या बाजूनेही पाहायला हवे. दिग्दर्शक तुमचा चाहता, नायक तुमचा चाहता, पहिले गाणे सगळ्यांना आवडलेले, अडचण काय तर एका नियमाची. मग नवे गाणे दिले की झाले, असा तर्क कोणीही केला असता. तर्कात एकच भोक होते. आवडणारे लोक वेगळे आणि ठरवणारे लोक वेगळे, हे पहिल्या नकारातच दिसले होते.

निर्मात्यांच्या बाजूचा निर्णयही समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी सगळी अंडी एका टोपलीत ठेवली नाहीत. बाँडच्या इतिहासात ही रीतच आहे. १९६५च्या 'थंडरबॉल'साठी जॉनी कॅशने गाणे पाठवले होते, टॉम जोन्सचे लागले. १९८१मध्ये ब्लाँडी या बँडचे परत गेले. १९९७मध्ये पल्प या दुसऱ्या ब्रिटिश बँडच्या वाट्याला तेच आले. नाकारलेल्या बाँडगीतांचा एक छानसा अल्बम निघेल, आणि तो काही अधिकृत गीतांपेक्षा बरा असेल असे माझे मत आहे.

काय केले गेले

बँडने 'स्पेक्टर' याच नावाचे नवे गाणे रचले. सुमारे सव्वातीन मिनिटांचे. घुटमळणारा पियानो, सरळ ठेक्याला बगल देणारे जॅझच्या अंगाने जाणारे ड्रम, मागून भरतीसारखी येणारी व्हायोलिने, आणि या सगळ्यावर यॉर्कचा उंच, पोकळ, जवळजवळ भुताचा वाटावा असा आवाज. शब्दांत भूत आहे, गोळीचे भोक आहे. चित्रपटाच्या नावाचा अर्थही पिशाच, सावली असाच. मागणी काय होती ते बारकाईने वाचून केलेले हे काम आहे. उरकलेले नाही.

निर्मात्यांना ते फार उदास वाटले.

खरे सांगायचे तर आक्षेप अगदीच पोकळ नाही. बाँडचे शीर्षकगीत पडद्यावरच्या एका ठराविक जागेत बसते. पहिली मारामारी संपलेली असते, प्रेक्षक खुर्चीत सावरून बसलेला असतो, पुढची काही मिनिटे बंदुका, सावल्या, स्त्रियांच्या आकृत्या, आणि या वेळी डॅनियल क्लाइनमनने केलेल्या दृश्यमालिकेत ऑक्टोपसचे वळवळणारे बाहू. त्या जागी गाण्याने प्रेक्षकाला उचलायचे असते. रेडिओहेडचे गाणे उचलत नाही, हलकेच बुडवते. पण मग फादर टेडमधल्या पाद्रीबुवांना जे कळले ते मागणी करणाऱ्यांना कळू नये? मेंडिसला ते गाणे मनापासून आवडले होते, आपण ते वापरू शकलो नाही याची हळहळ त्याने पुढे बोलूनही दाखवली. दिग्दर्शकाला उदास बाँड हवा होता. पैसे लावणाऱ्यांना उदास दिसणारा पण उचलणारा बाँड हवा होता. हा फरक कागदावर कुठेच उतरला नाही.

निष्पत्ती

८ सप्टेंबर २०१५ला शीर्षकगीतासाठी ब्रिटिश गायक सॅम स्मिथचे नाव जाहीर झाले. स्मिथ आणि गीतलेखक जिमी नेप्स यांनी 'रायटिंग्ज ऑन द वॉल' अर्ध्या तासाच्या आत लिहिले होते, आणि त्या बैठकीत गायलेला कच्चा नमुनाच अंतिम गाण्यात ठेवला गेला. एकीकडे महिन्यांची धडपड, दुसरीकडे अर्धा तास. समीक्षकांनी नाके मुरडली, पण ब्रिटनमधल्या गाण्यांच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेले हे पहिले बाँडगीत ठरले. फेब्रुवारी २०१६मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. निर्मात्यांना जे हवे होते ते तंतोतंत मिळाले. रेडिओहेडच्या चाहत्यांना हे आवडत नाही, मलाही नाही, पण हिशेब तोच आहे.

चित्रपट ऑक्टोबरअखेर ब्रिटनमध्ये आणि २० नोव्हेंबरला आपल्याकडे लागला. इथे चर्चा गाण्याची झालीच नाही. सेन्सॉर मंडळाने बाँडची चुंबने निम्म्यावर आणल्याने सगळा वेळ त्याच विनोदांत गेला.

बँडचे काय? गाणे त्यांच्याच हाती राहिले, कारण ते घेतलेच गेले नव्हते. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. आपल्या सिनेसंगीतात मागणीवरून केलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, असा पायंडा सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७च्या निकालाने पक्का झाला होता. गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनाचा न सोडता येणारा वाटा मिळाला तो २०१२च्या कायदादुरुस्तीनंतर. परत आलेले गाणे स्वच्छ हाताने परत यावे, ही तजवीज आधीच असली पाहिजे. 'एक्झिट म्युझिक'च्या वेळी बँडने गाणे स्वतःकडे राखले होते, ती सवय इथे कामी आली.

मग प्रश्न होता, या गाण्याचे करायचे काय. नव्या अल्बमात घालता आले असते. घातले असते तर तो अल्बम कायमचा 'बाँडने नाकारलेले गाणे असलेला' ठरला असता. दाबून ठेवले असते तर कधी ना कधी फुटले असते. स्मिथचे गाणे निघाले त्या आठवड्यात सोडले असते तर भांडण दिसले असते. त्यांनी तीन महिने थांबून सणाच्या दिवशी, किंमत न लावता, तक्रारीचा सूर न काढता ते ठेवून दिले. या संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत नेमका निर्णय. लोकांनी तासाभरात ते चित्रपटाच्या शीर्षकदृश्यांवर जुळवून पाहायला सुरुवात केली, आणि ऑक्टोपसचे बाहू त्या पियानोवर काय सुंदर हलतात ते जगाला दिसले.

'अ मून शेप्ड पूल' हा नववा अल्बम मे २०१६मध्ये आला. 'स्पेक्टर' त्याच्या मुख्य यादीत नाही. 'बर्न द विच' या गाण्याच्या छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला आणि अल्बमच्या खास आवृत्तीत ते आहे. 'मॅन ऑफ वॉर' २०१७च्या जूनमध्ये, 'ओके कम्प्युटर'च्या विसाव्या वर्षानिमित्त निघालेल्या आवृत्तीत अखेर बाहेर पडले.

वेगळे काय करता आले असते

त्याच २०१५च्या सुरुवातीला ग्रीनवुड आणि गॉडरिच जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात होते. इस्रायली संगीतकार शाय बेन त्झूर आणि राजस्थानी वादकांबरोबर 'जुनून' हा अल्बम ध्वनिमुद्रित होत होता आणि अँडरसन कॅमेरा घेऊन तिथेच वावरत होता. त्यावरचा माहितीपट त्याच वर्षी आला. तिथे कोणाला पुतळा नको होता, आणि चित्रपट संगीताच्या मागे चालत होता. ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, बाँडपटाचा व्याप वेगळा. पण या मंडळींचे काम कोणत्या हवेत फुलते ते तिथे दिसते.

बाँडच्या हवेतही दोन गोष्टी बदलता आल्या असत्या. अल्बम थांबवण्याआधी बँडने मान्यतेचा अधिकार नेमका कोणाकडे आहे ते विचारायला हवे होते, आणि पूर्ण वाद्यमेळ उभा करण्याआधी पियानो-आवाजाचा कच्चा नमुना त्या माणसाला ऐकवायला हवा होता. उदासपणा पियानोवरही कळला असता. नकार तोच आला असता, पण लवकर. स्मिथच्या बाबतीत कच्चा नमुनाच पुरला, हे विसरून चालणार नाही. अर्थात रेडिओहेडला एकेका गाण्याशी दीर्घकाळ झटापट करायची असते. तो त्यांचा स्वभाव, आणि त्याची किंमत ते मोजतात.

निर्मात्यांनी आधी नेमका प्रसंग सांगायला हवा होता. मुंबईत संगीतकारासमोर आधी सिच्युएशन मांडली जाते, मग पेटी उघडते. लुहरमनने शेवटचा अर्धा तास पाठवून हेच केले होते.

आणि 'मॅन ऑफ वॉर'चे म्हणाल, तर त्यासाठी ना बैठक लागत होती ना वकील. गाणे पाठवताना सोबत एक ओळ पुरली असती: हे नव्वदीतले आहे, चालेल का?